प्रॉडक्शनच्या खिडकीसमोर हात थरथरतो तेव्हा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २८ वर्षांची, मूळची सांगली जिल्ह्यातली. एमसीए करून पुण्यात आली, आधी सपोर्टला होती आणि गेली चार वर्षं एका आयटी सेवा कंपनीत डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डीबीए, आहे. काम मुख्यतः ओरॅकलवर, अलीकडे थोडं पोस्टग्रेसवर; दोन्ही डेटाबेसची सॉफ्टवेअरं. टीममधले पाच जण कमी होत होत आता दोघंच उरलेत, त्यामुळे एक आठवडा सोडून एक आठवडा रात्रीचा फोन तिच्याकडे असतो. दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी रात्री टेस्टची, म्हणजे चाचणीच्या डेटाबेसची, खिडकी समजून तिने प्रॉडक्शनमधलं, म्हणजे ग्राहकाचं खरं काम चालतं त्या डेटाबेसमधलं, टेबल ट्रंकेट केलं, म्हणजे रिकामं केलं. बॅकअपमधून सकाळपर्यंत डेटा परत आला, नोकरीवर गदा आली नाही. पण तेव्हापासून प्रॉडक्शनवर साधी कमांड द्यायची म्हटली तरी तिचा हात थरथरतो. बरोबरचे मित्रमैत्रिणी डेव्हलपर झाले, ते घरच्यांना आपलं अ‍ॅप दाखवतात. हिच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. मॅनेजर म्हणतात, पुढच्या वर्षी सगळं क्लाउडवर जाणार, मग डीबीए लागणारच नाही. हातात डेटा इंजिनिअरची ऑफर आहे, पगार जवळपास तेवढाच, उत्तर द्यायला महिनाभराची मुदत. ती विचारते: "ताई, मी या कामाला लायकच नाही का? आणि हे कामच संपणार असेल तर आत्ताच बाहेर पडू का?"

उत्तर:

पत्रातल्या एका वाक्यावरून तू भरकन पुढे गेलीस, मी तिथेच थांबते. "बॅकअपमधून सकाळपर्यंत डेटा परत आला." टेबल कुणी रिकामं केलं हे तू पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस. डेटा परत कुणी आणला हे एकदाही लिहिलेलं नाही. त्या रात्री ड्यूटीवर तू एकटी होतीस, म्हणजे तेही तूच केलंस.

जे वाचक या क्षेत्रातले नाहीत त्यांना यातलं काम कळावं म्हणून थोडं सविस्तर सांगते. ओरॅकलमध्ये टेबल ड्रॉप झालं तर ते बहुधा रीसायकल बिनमध्ये जातं आणि एका कमांडने परत घेता येतं. ट्रंकेटला ती सोय नाही. टेबल क्षणात रिकामं होतं आणि रोलबॅकही, म्हणजे केलेला बदल मागे घेणंही, होत नाही. (पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाच्या, आत असेल तर होतं, हा फरक लक्षात ठेव.) मग बहुतेक वेळा बॅकअपकडेच वळावं लागतं. तो वेगळ्या जागी उघडायचा, त्यावर आर्काइव्ह लॉग, म्हणजे झालेल्या बदलांच्या साठवलेल्या नोंदी, एकामागून एक चढवत डेटाबेस चुकीच्या क्षणाच्या अगदी अलीकडे आणून थांबवायचा, त्यातून ते एकच टेबल काढायचं, प्रॉडक्शनमध्ये भरायचं, ओळी मोजायच्या, इंडेक्स आणि कन्स्ट्रेंट तपासायचे आणि मगच अ‍ॅपवाल्यांना "सुरू करा" म्हणायचं. हे सगळं घाबरलेल्या मनाने, मध्यरात्री, एकटीने. ते जमलं कारण बॅकअप शाबूत होता, लॉगची साखळी तुटलेली नव्हती आणि रिस्टोर कसं करायचं हे तुला येत होतं. ज्याला तू लायकी म्हणतेस ती याहून वेगळी काय असते?

चूक लहान होती असं मी म्हणत नाही. ग्राहकाचं काम रात्रभर अडलं, ते खरंच आहे. पण "चूक माझी" या दोन शब्दांत तू बऱ्याच जणांचं ओझं उचललं आहेस. टेस्ट आणि प्रॉडक्शन दोन्हीकडे एकाच लॉगिनने, सारख्याच अधिकाराने जाता येतं, हे कुणी ठरवलं? दोन्ही खिडक्या दिसायला हुबेहूब का होत्या? प्रॉडक्शनवर काम चालू असताना फोनवर दुसरं माणूस का नव्हतं? त्या आठवड्यात तू सलग किती तास झोपली होतीस? पाचाचे दोन झाले तेव्हा काम किती कमी केलं गेलं?

तुला एक जुनी घटना सांगते, या धंद्यात बहुतेकांना माहीत असते, पण तिचा शेवटचा भाग फार कमी जणांना आठवतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत डेटाबेसची दुसरी प्रत मुख्य डेटाबेसच्या मागे पडली होती. ती नव्याने जुळवायची म्हणून एका थकलेल्या इंजिनिअरने दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी काढून टाकायची कमांड दिली. ती गेली मुख्य सर्व्हरवर. त्याच्या लक्षात येऊन त्याने हात आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप ज्या ठिकाणी जायला हवा ती जागा रिकामी. बॅकअप घेणारं पोस्टग्रेसचं साधन ९.२ आवृत्तीचं, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप दर वेळी अपयशी होत होता. तसं कळवणारे ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. शेवटी त्याच इंजिनिअरने त्या दिवशी काही तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीने, वाचवलं. सुमारे सहा तासांचा डेटा मात्र कायमचा गेला.

कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सर्वांसमोर चालू ठेवलं आणि नंतर सविस्तर अहवाल छापला. त्या अहवालात "असं का झालं" हा प्रश्न एकाखाली एक विचारत नेला आहे. बॅकअपची प्रक्रिया नियमित तपासली का जात नव्हती, याचं उत्तर तिथे असं आहे की तिची मालकी कुणाकडेच नव्हती. उपायांच्या यादीत एक साधा उपाय होता: कुठल्या मशीनवर, कुठल्या वातावरणात आहोत हे टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्येच ठळक दिसायला हवं.

आता तुझी रात्र याच्याशेजारी ठेवून बघ. चुकीची खिडकी दोन्हीकडे होती. तुमच्याकडे बॅकअपला मालक होता, आणि तो मालक तू होतीस.

थरथरणाऱ्या हाताबद्दल माझं म्हणणं तुला कदाचित वेगळं वाटेल. प्रॉडक्शनची भीती पूर्ण गेलेला डीबीए मला कधी विश्वासाचा वाटला नाही. भीती घालवायच्या मागे लागू नकोस, ती कामाच्या पद्धतीत उतरव. प्रॉडक्शनच्या खिडकीची पार्श्वभूमी लाल कर आणि प्रॉम्प्टमध्ये डेटाबेसचं नाव आण. रोजच्या बघाबघीसाठी फक्त वाचायचा अधिकार असलेलं लॉगिन वापर. बदल करायचे तेव्हाच दुसरं, तेही कामापुरतं. कमांड खिडकीत टाइप करू नकोस, आधी फाइलमध्ये लिही, टेस्टवर चालव, मग तीच फाइल प्रॉडक्शनवर. अपडेट किंवा डिलीट असेल तर त्याच अटीने आधी सिलेक्ट करून ओळी मोज, कमांडनंतरचा आकडा तोच आला तरच कमिट, म्हणजे बदल पक्का. परतीची वाट, म्हणजे रोलबॅकच्या पायऱ्या, सुरुवातीलाच लिहून ठेव. टेबल काढून टाकायचं तिकीट आलं तर ते लगेच काढू नकोस, नाव बदलून आठवडाभर थांब. कुणाचं काही अडलं नाही तर मग काढ. मी काम केलेल्या एका टीममध्ये मोठ्या बदलाच्या वेळी कमांड फोनवर मोठ्याने वाचून दाखवायची आणि पलीकडच्याने "हो" म्हटल्यावरच एंटर मारायचा, अशी रीत होती. वरिष्ठालाही ती चुकत नसे. नवख्यांना सुरुवातीला ते अवघडल्यासारखं व्हायचं, महिन्याभरात सवय व्हायची.

आणि महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, बॅकअप टेस्ट सर्व्हरवर पूर्ण उघडून बघ. घड्याळ लावून. किती वेळ लागला, कुठे अडलं, ते लिहून ठेव. बॅकअप "सक्सेस" दिसणं आणि तो उघडणं यात किती अंतर असू शकतं ते वरच्या घटनेत आलंच. मोठ्या संस्था हा सराव राजरोस करतात. मुंबईच्या शेअर बाजारांनी २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी खास सत्रं ठेवली आणि खरे व्यवहार चालू असताना मुख्य साइटवरून आपत्कालीन साइटवर जाऊन दाखवलं. तुझ्या सरावाला एवढा थाट लागणार नाही, एक मोकळा सर्व्हर आणि एक दुपार पुरेल. त्या रात्री जे धडधडत्या छातीने केलंस तेच पाच-सहा वेळा शांतपणे केलंस की हाताला आठवण दुसरी राहते. माझा यावर फार भरवसा आहे.

एवढं करूनही झोप लागत नसेल, कामाआधी छाती भरून येत असेल, तर ते मनावर सोडून देऊ नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. कंपनीत समुपदेशकाची सोय असेल तर तीही वापर. यात लपवण्यासारखं काही नाही.

आता "दाखवण्यासारखं काही नाही" याकडे येते. पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

तुझा एक साधा दिवस आठव. सकाळी आल्या आल्या रात्रीचे बॅकअप, स्टँडबाय, म्हणजे डेटाबेसची तयार दुसरी प्रत, किती मागे आहे, जागा किती उरली, अलर्ट लॉगमध्ये काय आलंय. अकरा वाजता कुणीतरी लिहितं, "डेटाबेस स्लो आहे." डेटाबेस स्लो वगैरे काही नसतो. कुणीतरी एका टूलमधून अपडेट चालवलेलं असतं, कमिट न करता जेवायला गेलेलं असतं, आणि त्याने धरलेल्या लॉकमागे पन्नास सेशन, म्हणजे इतरांची चालू कामं, ताटकळत उभी असतात. ते सेशन मारायचं का? छोटं असेल तर मारलं की सुटलं. पण तेच जर दोन तास चाललेलं मोठं अपडेट असेल, तर मारल्यावर केलेलं सगळं उलटं फिरवायला तेवढाच, कधी त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर लॉक तसाच. म्हणजे मारण्याआधी किती अनडू, म्हणजे उलटं फिरवायचं काम, साचलाय ते बघायचं, त्या माणसाला शोधायचं, उरलेलं काम किती ते विचारायचं, आणि पन्नास जण तुझ्या नावाने ओरडत असताना कधीकधी "थांबू या" असा निर्णय घ्यायचा. त्या निर्णयाचा स्क्रीनशॉट निघत नाही, हे खरं. पण कामाचा गाभा हाच आहे, आणि तो शिकायला वर्षं जातात.

किंवा आर्काइव्ह लॉगची जागा भरते आणि ओरॅकल नवे बदल स्वीकारणं थांबवतो. नवशिक्या माणूस जुन्या फाइली डोळे झाकून उडवून जागा करतो. डीबीए आधी बघतो, त्यांचा बॅकअप झालाय का, त्या स्टँडबायला पोचल्यात का. पोस्टग्रेसकडे तू नुकती वळते आहेस, म्हणून तिथलं एक सांगते. तिथे ट्रान्झॅक्शनला दिलेले क्रमांक ३२ बिटांचे असतात, आणि जुन्या ओळी व्हॅक्यूम या साफसफाईच्या कामाने वेळेत "गोठवल्या" नाहीत तर सुमारे दोनशे कोटी ट्रान्झॅक्शननंतर डेटाबेस स्वतःला वाचवण्यासाठी लिहिणं बंद करतो. जुलै २०१५ मध्ये सेंट्री या सेवेला याच कारणाने मोठा खोळंबा सोसावा लागला आणि त्यांनी त्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं. हे टाळायला काय लागतं? कुणीतरी महिनोन्महिने एका आकड्यावर नजर ठेवणं आणि दिवसेंदिवस उघडं राहिलेलं एखादं ट्रान्झॅक्शन वेळेत बंद करणं. ते केलं की काहीच घडत नाही. घडत नाही, याचंच तर ते काम आहे.

आईबाबा विचारतात "नक्की करतेस काय?" तर त्यांना त्यांच्याच व्यवहारातून सांग. बाबांचा डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर निघतो, उसाचं बिल खात्यावर जमा झाल्याचा मेसेज येतो, एसटीचं आरक्षण होतं. या प्रत्येकामागे कुठेतरी एक डेटाबेस आहे आणि त्याच्यामागे तुझ्यासारखं एक माणूस. ती नोंद हरवू नये, दोनदा होऊ नये, भलत्याला दिसू नये, ही त्या माणसाची जबाबदारी. "भलत्याला दिसू नये" यावर मी मुद्दाम जोर देते. लोकांचे पगार, आजार, फोन नंबर, सगळं तुला उघडता येतं आणि तू उघडत नाहीस. प्रॉडक्शनचा डेटा टेस्टवर न्यायचा असेल तर नावं आणि नंबर आधी झाकायचे, हा आग्रह तूच धरायचास. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर कंपन्यांनाही असा आग्रह धरणारं माणूस हवं आहे.

ऑफिसात हे काम दिसावं असं वाटत असेल तर दर महिन्याला एक पान लिही. या महिन्यात रिस्टोर करून पाहिलं, इतका वेळ लागला. ही क्वेरी इतक्या सेकंदांवरून इतक्यावर आली. या वेगाने जागा या महिन्यात संपेल. मॅनेजरला पाठव, ग्राहकालाही जाऊ दे. पुढच्या मुलाखतीत हीच पानं तुझ्या कामी येतील, आणि तुला स्वतःलाही चार वर्षांत काय काय केलं ते दिसेल.

रात्रीच्या फोनबद्दल मात्र मी तुला जुळवून घ्यायला सांगणार नाही. डीबीए म्हटलं की रात्री जागणं आलंच, असं तू गृहीत धरलं आहेस. काही रात्री येतात, हे खरं. पॅचिंग, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवणं, वर्दळ नसताना करावं लागतं. ओरॅकलचे सुरक्षा पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे येतात, ३१ मार्च आसपास किंवा दिवाळीच्या सेलमध्ये कुणी बदलाला हात लावू देत नाही, त्यामुळे उरलेले शनिवार-रविवार भरतात. पण त्या ठरलेल्या रात्री झाल्या, त्यांची तयारी करता येते, दुसऱ्या दिवशी सुट्टी मागता येते. वर्षभर एकाआड एक आठवडा झोपमोड होणं हे तुझ्या कंपनीने माणसं न भरल्यामुळे आहे. त्याचं खापर पेशावर फोडून तू पेशा सोडशील, आणि तुझ्या जागी येणाऱ्या मुलाचेही तेच हाल होतील.

म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे रात्रीच्या प्रत्येक फोनची नोंद ठेव: कधी आला, कशासाठी, उठून खरंच काही करावं लागलं का. माझा अंदाज आहे, बरेचसे अलर्ट सकाळपर्यंत थांबू शकणारे निघतील. ८० टक्के डिस्क भरली म्हणून पहाटे तीनला उठवायचं कारण नाही. ती कोणत्या वेगाने भरते आहे त्यावर उठवायचं की नाही ते ठरावं. असे अलर्ट दिवसाच्या तिकिटात वळव. उरलेल्यांचा हिशेब घेऊन मॅनेजरसमोर बस आणि तीन गोष्टी माग: तिसरं माणूस, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा, आणि प्रॉडक्शनवरच्या प्रत्येक बदलाला दुसरी नजर. तिसरी मागणी मागताना त्या शनिवारचा उल्लेख मोकळेपणाने कर. ती तुझ्या बाजूची गोष्ट आहे. आणि तुझ्यासारख्या ज्या मुलींना घरून काम न देता रात्री ऑफिसात बोलावलं जातं, त्यांनी हेही माहीत करून घ्यावं की महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही, आणि संमती असली तरी तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था करणं कंपनीवर बंधनकारक आहे.

क्लाउडचं काय? तुझे मॅनेजर म्हणतात त्यात अर्धं तथ्य आहे. अ‍ॅमेझॉनची आरडीएस ही क्लाउडवरची तयार डेटाबेस सेवा २००९ मध्ये आली, आणि आपला डेटाबेस स्वतःच स्वतःला सांभाळेल अशी घोषणा ओरॅकलने २०१७ मध्ये केली. सर्व्हर बसवणं, सॉफ्टवेअर टाकणं, पॅच लावणं, रोजचा बॅकअप सुरू आहे का बघणं, ही कामं खरोखर कमी झाली आहेत आणि आणखी होतील. चेकलिस्ट भरण्यापुरतंच काम करणाऱ्या डीबीएची जागा धोक्यात आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

पण उरतं काय ते बघ. आरडीएसचा आपोआप होणारा बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतो. ग्राहकाला सात वर्षांचा हवा असेल तर? इन्स्टन्स, म्हणजे तिथला चालू डेटाबेस, काढून टाकताना बॅकअप राखायला सांगितलं नाही तर तेही जातात, हे कुणाला ठाऊक असणार? मागच्या एखाद्या क्षणावर जायचं तर तिथे चालू डेटाबेस मागे फिरत नाही, शेजारी नवा उभा राहतो, त्याचा पत्ता वेगळा. अ‍ॅप तिकडे कसं वळवायचं, आणि मधल्या वेळात जुन्यात आलेल्या नोंदींचं काय करायचं? तू त्या शनिवारी जे केलंस, अगदी तेच क्लाउडवरही कुणालातरी करावं लागतं. वाईट क्वेरी क्लाउडवर गेली म्हणून चांगली होत नाही, उलट तिचं बिल दर महिन्याला येतं. एआय आता कुणालाही एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, लिहून देतो, म्हणजे डेटाबेसची जाण नसलेल्या माणसांनी लिहिलेल्या क्वेरी वाढणार आहेत. आणि मुळात तुमच्या कंपनीतून सगळं क्लाउडवर नेणार कोण? ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाताना पॅकेज, सिक्वेन्स, तारखांचे प्रकार, रिकाम्या मजकुराला ओरॅकल नल, म्हणजे मूल्यच नाही असं, समजतो आणि पोस्टग्रेस समजत नाही, असे शेकडो बारकावे असतात. दोन्ही बाजू जाणणारं माणूस त्या वर्षात सगळ्यात महत्त्वाचं असेल. ते स्थलांतर तुझ्या हातून झालं तर पुढची कितीतरी वर्षं तुला काम शोधत येईल.

एडगर कॉड यांनी डेटा टेबलांत मांडायचं रिलेशनल मॉडेल मांडलं १९७० मध्ये, ओरॅकल बाजारात आला १९७९ मध्ये, पोस्टग्रेसची मुळं १९८६ च्या बर्कलीतली. यंत्रं, कंपन्या, पदांची नावं बदलत गेली. ट्रान्झॅक्शन, लॉक, इंडेक्स, लॉगमधून पुन्हा उभं राहणं, हे तेव्हापासून टिकून आहे आणि तुला ते येतं. पदाचं नाव उद्या क्लाउड डेटाबेस इंजिनिअर असेल किंवा रिलायबिलिटी इंजिनिअर. नावाची काळजी करू नकोस.

माझा कल विचारलास म्हणून सांगते: डेटाबेसचं काम सोडू नकोस. ही कंपनी सोडायची वेळ कदाचित आली असेल. तीन मागण्यांपैकी तिसरं माणूस आणि दुसरी नजर, एवढ्या दोन जरी मान्य झाल्या आणि स्थलांतराच्या कामात तुला घेतलं तर आणखी वर्षभर थांबणं फायद्याचं. "बघू" एवढंच उत्तर आलं तर निघ, पण तेव्हाही शोध डेटाबेसच्याच कामाचा घे: पोस्टग्रेस वापरणारी, स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणारी एखादी प्रॉडक्ट कंपनी, किंवा मोठी, नीट रोटेशन असलेली टीम. चार वर्षांच्या ओरॅकलवर पोस्टग्रेस आणि एक क्लाउड नीट शिकलीस तर पुण्यात दारं बंद नाहीत.

डेटा इंजिनिअरिंगमध्ये मन खरंच रमत असेल तर तो रस्ताही चांगला आहे. पाइपलाइन बांधणं, वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा एका जागी आणणं यात तुझं ज्ञान वाया जाणार नाही. क्वेरी का अडली हे ओळखणारे तिथेही थोडेच असतात. पण पत्रात तू त्या कामाबद्दल एकही ओळ लिहिलेली नाहीस. ऑफरचा उल्लेख आहे तो फक्त इथून सुटण्यासाठी. भीतीने निवडलेल्या जागी भीती बरोबर येते, कारण रात्रीची पाइपलाइन पहाटे पडते आणि सकाळी नऊला साहेबांचा रिपोर्ट कोरा दिसतो. तिथलं प्रॉडक्शनही प्रॉडक्शनच असतं.

त्यामुळे उत्तर द्यायच्या आधी त्या कंपनीच्या टीम लीडला फोन करून हे विचार. एचआरला विचारून उपयोग नाही. रात्री जॉब पडला तर कोण उठतं आणि रोटेशनमध्ये किती जण आहेत? टेस्ट आणि प्रॉडक्शन वेगळी आहेत का, प्रॉडक्शनवर लिहायचा अधिकार कुणाकुणाला आहे? शेवटचा मोठा घोटाळा कधी झाला, आणि त्यानंतर नेमकं काय बदललं? या शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस एका व्यक्तीचं नाव घेऊन उत्तर देतो की एखाद्या बदललेल्या पद्धतीचं, ते नीट ऐक. मग मला कळव. महिना पुरेसा आहे.